डब्यावरचं नाव झाकणाचं असतं

प्रश्न मेलबर्नच्या बाहेर राहणाऱ्या एका मराठी वाचकाचा आहे. त्यांनी जुनं घर विकत घेतलं. परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, रंगाच्या डब्यांमागे, दोन गंजलेले गोल डबे निघाले. एका झाकणावर पेन्सिलीने लिहिलेलं 'डबल इव्हेंट' असं काहीसं वाचता येतं. आतल्या फिल्मचं टोक उजेडात धरलं तेव्हा घोड्यांची शर्यत, गर्दी आणि एका ठिकाणी हॅट हातात घेऊन उभा असलेला म्हातारा दिसला. शोधाशोध केल्यावर कळलं की 'द डबल इव्हेंट' हा 1911 चा ऑस्ट्रेलियन मूकपट आहे, विषय घरातली भानगड आणि घोड्यांची शर्यत, आणि चित्रपट हरवलेला आहे. त्यांनी विचारलंय: "हा तोच असेल का? ओळखीच्या एका गृहस्थांकडे जुना प्रोजेक्टर आहे, त्यावर लावून बघू का? आणि तोच निघाला तर पुढे काय करायचं?"

मी गेली तीसेक वर्षं जुन्या फिल्म तपासणं, साफ करणं, ओळखणं आणि टिकवणं हे काम करतो. बहुतेक काळ पुण्यात गेला. त्या अनुभवावरून सांगतो.

आधी दुसरा प्रश्न, कारण त्याला थांबायला वेळ नाही. प्रोजेक्टरवर लावू नका. कुणी कितीही जाणकार असो, लावू नका. जुनी फिल्म वर्षानुवर्षं आकसत जाते. तिच्या कडेची भोकं प्रोजेक्टरच्या दातांशी जुळेनाशी होतात आणि यंत्र चालू झालं की भोकं ओळीने फाटत जातात. आकसणं डोळ्यांना दिसत नाही. फिल्म हातात मऊ लागते, छान गुंडाळली जाते, आणि तरीही पहिल्या पन्नास फुटांत तिचा कडेचा भाग कातरल्यासारखा होतो. एका कुटुंबाने पणजोबांच्या काळातलं एक रीळ असंच हौसेने लावून पाहिलं होतं. ते आमच्याकडे आलं तेव्हा अर्धं रीळ म्हणजे चिंध्या होत्या. त्यात लहान मुलं, वाडा, दारातली बैलगाडी अशी चित्रं होती. आम्ही एकेक चौकट हाताने जुळवली, चार महिने लागले, तरीही बराच भाग गेला तो गेलाच.

दुसरं कारण आगीचं. 35 मिलिमीटरची, 1950 च्या आधीची आणि काठावर 'सेफ्टी' असं छापलेलं नसलेली फिल्म नायट्रेट आहे असंच धरून चालायचं. नायट्रेट म्हणजे सेल्युलोज नायट्रेट, बंदुकीच्या बिनधुराच्या दारूची सख्खी बहीण. ती पेटली की जळायला लागणारा ऑक्सिजन स्वतःच तयार करते, त्यामुळे पाणी ओतून, वाळू टाकून विझत नाही. खराब होत आलेली नायट्रेट तर चाळीस अंशांच्या आसपासची उष्णता बराच काळ राहिली तरी आपोआप पेट घेऊ शकते. ऑस्ट्रेलियातल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये किती तापतं ते तुम्हीच मला सांगाल. 9 जुलै 1937 ला अमेरिकेत न्यू जर्सीतल्या लिटल फेरी इथल्या गोदामाला अशीच, ऐन उन्हाळ्यात आग लागली आणि फॉक्स कंपनीचे बहुतेक सगळे मूकपट एका रात्रीत संपले. तेव्हा डबे आजच्या आज शेडमधून काढा. घरातल्या सगळ्यात थंड, कोरड्या, सावलीतल्या खोलीत ठेवा. हीटर, गॅस, स्वयंपाकघर, ऊन, सिगारेट यांच्यापासून लांब. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, फिल्ममधून निघणारे वायू आत कोंडले की ती स्वतःलाच खाते. झाकण सैल राहू द्या.

आता तुमचा मूळ प्रश्न. तुम्ही विचारलंत 'हा तोच का?' आमच्या टेबलावर हा प्रश्न शेवटी येतो. पहिला प्रश्न असतो 'हे काय आहे?' दोन्ही सारखे वाटतात, पण त्यांनी शोधाची दिशाच बदलते. 'तोच का' म्हणून बघणारा माणूस पुरावे गोळा करत नाही, होकार गोळा करतो. टोपीवाला म्हातारा दिसला की तो नायकाचा बाप वाटायला लागतो. म्हणून सध्या ते नाव बाजूला ठेवा. डब्यावरचं नाव हे झाकणाचं नाव असतं, आतल्या फिल्मचं नसतं. झाकणं बदलतात, डबे दुसऱ्या कामाला लागतात, वितरक जुन्या डब्यात नवीन रीळ भरून पाठवतो. एका फिरत्या टॉकीजवाल्याच्या वारसांकडून आमच्याकडे एकदा बारा डबे आले होते. बारापैकी चारच डब्यांत झाकणावर लिहिलेलं होतं ते निघालं.

उलट दिशेचं एक उदाहरण तर ऑस्ट्रेलियाचंच आहे. रेमंड लाँगफर्डचा 'द सेंटिमेंटल ब्लोक' हा 1919 चा चित्रपट त्या देशाचा सर्वांत मोलाचा मूकपट मानला जातो. त्याची चांगल्या प्रतीची सामग्री 1973 मध्ये अमेरिकेत रॉचेस्टरच्या ईस्टमन हाउस या चित्रपट-संग्रहालयात मिळाली. ती 'द सेंटिमेंटल ब्लाँड' अशा नावाखाली ठेवलेली होती. 'ब्लोक' म्हणजे साधा गडी, बाप्या. अमेरिकन माणसाला तो शब्द ओळखीचा नव्हता, त्याने सोनेरी केसांची बाई करून टाकली. एका शब्दाच्या गैरसमजाने ती चांगली सामग्री वर्षानुवर्षं नजरेआड राहिली.

म्हणूनच 'हरवलेला' या शब्दाबद्दल थोडं बोलायला हवं. आपण तो 'नष्ट झालेला' या अर्थाने वाचतो. आमच्या कामात त्याचा अर्थ एवढाच: आजवर माहीत असलेल्या कुठल्याही संग्रहात याची प्रत नोंदलेली नाही. तो शब्द शोधाबद्दल सांगतो, फिल्मबद्दल नाही. काही चित्रपट खरोखरच गेले आहेत. आपला पहिला बोलपट 'आलम आरा' (1931) याची एकही प्रत उरलेली नाही. जुन्या फिल्ममधून चांदी काढून घ्यायची आणि बाकीचं भंगारात घालायचं हा एके काळी रोजचा धंदा होता. पण 1919 चा 'बिल्वमंगळ', कलकत्त्यात तयार झालेला, आपण कायमचा गेला म्हणून बसलो होतो. त्याचा 594 मीटरचा, म्हणजे सुमारे 28 मिनिटांचा भाग पॅरिसच्या सिनेमाथेक या चित्रपट-संग्रहातून निघाला आणि 2016 मध्ये त्याची डिजिटल प्रत पुण्याला आली. ती बातमी कळली त्या दिवशी मी दुपारचं जेवण विसरलो होतो. जॉन फोर्डचा 1927 चा 'अपस्ट्रीम' न्यूझीलंडमध्ये सापडला, 2010 मध्ये जाहीर झाला. कॅनडाच्या युकॉनमधल्या डॉसन सिटीत 1978 मध्ये जमीन खणताना 533 रिळं निघाली, जुन्या पोहण्याच्या तलावात भराव म्हणून टाकलेली.

या सगळ्या जागा बघा: न्यूझीलंड, युकॉन, ऑस्ट्रेलियाची परसदारं. चित्रपटाची प्रत गावोगाव फिरत शेवटच्या टोकाला पोचायची, तोवर तिच्यावर ओरखडेच ओरखडे असायचे आणि परत पाठवायचं भाडं तिच्या किमतीपेक्षा जास्त. मग ती तिथेच राहायची. शेवटचं टोक म्हणूनच महत्त्वाचं. तुमची शेड अशा टोकांपैकी एक असणं अगदीच शक्य आहे. ही आशेची बाजू.

आता चित्रपटाविषयी, म्हणजे तुलना कशाशी करायची ते कळेल. 'द डबल इव्हेंट' दिग्दर्शित केला डब्ल्यू. जे. लिंकन यांनी, कंपनी अमाल्गमेटेड पिक्चर्स. टेट बंधू आणि जॉन्सन-गिब्सन ही जोडी, म्हणजे 'द स्टोरी ऑफ द केली गँग' (1906) काढणारी तीच मंडळी या कंपनीमागे होती. कथा नॅट गुल्ड यांच्या 1891 च्या कादंबरीवरून घेतलेली. गुल्ड हे इंग्रज पत्रकार, 1884 ते 1895 ऑस्ट्रेलियात राहिले, नंतर आयुष्यभर रेसच्या कादंबऱ्या लिहीत राहिले, शंभरावर. कथेचा गाभा असा की भावाने केलेला गुन्हा स्वतःच्या अंगावर घेऊन एक तरुण घर सोडतो, ऑस्ट्रेलियात येतो, आणि घरातलं ते ओझं आणि एका घोड्याचं नशीब मेलबर्न कप या मोठ्या शर्यतीच्या दिवशी एकत्र येतात.

कथेचा हा साचा तेव्हा अतिशय चालणारा होता. गहाण पडलेली जमीन, वाया चाललेला मुलगा किंवा भाऊ, करारी बाप, तबेल्यात उरलेला एकच घोडा, शेवटी शर्यत. जॉन फोर्डच्या 'केंटकी प्राइड' (1925) मध्ये हीच घराची पडझड खुद्द घोडीच्या तोंडून सांगितली आहे. ऑस्ट्रेलियातला 'सिल्क्स अँड सॅडल्स' (1921), सुदैवाने टिकलेला, त्यातही शहरात जाऊन कर्जात फसलेला मुलगा आहेच. शिवाय बोमाँट स्मिथचा 'डेझर्ट गोल्ड' (1919) आहे. त्याच नावाची न्यूझीलंडची खरीखुरी घोडी, ओळीने 19 शर्यती जिंकलेली, त्यात होती. हाही हरवलेला. म्हणजे हॅट काढून उभा असलेला तुमचा म्हातारा यांपैकी कुठल्याही घरातला बाप असू शकतो, आणि नुसता शर्यत बघायला आलेला प्रेक्षकही असू शकतो.

इथे मला या कामातली सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट सांगायची आहे. अशा चित्रपटांत घर आणि शर्यत यांचे रस्ते वेगळे होतात. चित्रपट थिएटरांतून उतरला की घरातल्या प्रसंगांना काडीची किंमत उरत नसे. मिशीवाला काका, रडणारी आई, गहाणखत हातात घेतलेला सावकार, हे सगळं पुढच्याच वर्षी जुनाट वाटायचं. पण धावणारे घोडे कधी जुने होत नाहीत. तो तुकडा कापून दुसऱ्या चित्रपटात घालता यायचा, बातमीपटात चालायचा, मुलांना दाखवायला विकता यायचा. म्हणून डब्यात सापडते ती बहुधा शर्यत. घर सापडतं कागदांत: वर्तमानपत्रातल्या परीक्षणांत, जाहिरातींत, हस्तपत्रकांत, कॉपीराइटसाठी सरकारजमा केलेल्या संहितांत. दोन्ही सापडली आणि एकमेकांशी जुळली तरच आपण म्हणू शकतो की चित्रपटाचा काही भाग मिळाला. तुमच्याकडे शर्यत आहे. ती कुठल्या घरातून निघाली ते शोधायचं आहे.

आणि कदाचित ती कुठल्याच घरातून निघालेली नसेल, खरीच शर्यत असेल. ही शक्यता मोठी आहे. ऑस्ट्रेलियातल्या अगदी सुरुवातीच्या चित्रीकरणांतच घोडे होते. यात आपल्यासाठी एक गोड धागा आहे. लुमिएर बंधूंचा जो माणूस 7 जुलै 1896 ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात चलच्चित्रं दाखवत होता, तो मारिउस सेस्तिए, मुंबईहून पुढे ऑस्ट्रेलियाला गेला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याने मेलबर्नच्या फ्लेमिंग्टन मैदानावर मेलबर्न कप चित्रित केला. 'न्यूहेवन' हा घोडा जिंकला होता. ती दृश्यं आजही आहेत. त्या देशात पुढे दर वर्षी कपचं चित्रीकरण होत राहिलं आणि संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी गावोगाव दाखवलं जाऊ लागलं. शर्यतीचा जुना तुकडा मिळाला तर तो कथापटाचा असण्यापेक्षा अशा बातमीचा असण्याची शक्यता मी नेहमी जास्त धरतो.

दोन्हींतला फरक ओळखता येतो. खरी शर्यत पुन्हा धावत नाही. त्यामुळे कॅमेरा एका जागी, कठड्याशी किंवा स्टँडवर, आणि घोडे समोरून एकदाच जातात. मैदान भरलेलं असतं, घोडे बरेच असतात. रचलेल्या शर्यतीत घोडे मोजकेच, त्यातले दोनतीन परत परत दिसतात, कॅमेरा कधी मोटारीवर बसून त्यांच्या बरोबरीने धावतो, आणि मध्येच गर्दीतला एखादा ओळखीचा केलेला चेहरा येतो. तुमचा म्हातारा असा वेगळा कापून घातलेला आहे का, हे पाहण्यासारखं आहे. मात्र इथे सन आडवा येतो. 1911 च्या चित्रपटांत माणूस सहसा डोक्यापासून पायांपर्यंत दिसतो, कॅमेरा नाटकाच्या प्रेक्षकासारखा समोर बसलेला असतो. चेहरा जवळून, छातीपर्यंतच दिसत असेल, तर मी आठ-दहा वर्षं पुढे सरकेन. मग 'डबल इव्हेंट' मागे पडतो आणि 'डेझर्ट गोल्ड'च्या काळात आपण येतो. तिसरी शक्यताही आहे, कथापटातच खऱ्या कपची दृश्यं जोडलेली असण्याची. तेव्हा ती सर्रास पद्धत होती. अशा वेळी फिल्मवरचा सांधा बघायचा, आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंची फिल्म एकाच जातीची आहे का तेही बघायचं.

तुम्हाला घरच्या घरी, काहीही नुकसान न करता, जेवढं बघता येईल तेवढं आता सांगतो. स्वच्छ सुती हातमोजे, भिंग, आणि एखादा पांढरा उजेड, म्हणजे मोबाइलचा पांढरा पडदा चालेल. रिळाचं फक्त बाहेरचं टोक हातभर सोडा, जास्त नाही. फिल्म चिकटली असेल तर ओढू नका. तपकिरी भुकटी, फेसासारखे फुगे, किंवा जुन्या मोज्यांसारखा उग्र वास असेल तर तिथेच थांबा, झाकण सैल ठेवा आणि पुढचं सगळं सोडून सरळ फिल्म अर्काइव्हला, म्हणजे चित्रपट-संग्रहाला फोन करा (कुठल्या ते शेवटी सांगतो).

फिल्म चांगल्या स्थितीत असेल तर आधी काठ बघा, चित्र नंतर. कोडॅकने 1916 पासून कच्च्या फिल्मच्या काठावर वर्षाच्या खुणा टाकायला सुरुवात केली: 1916 ला गोल, 1917 ला चौकोन, 1918 ला त्रिकोण, 1919 ला दोन गोल, आणि पुढे अशाच जोड्या. दर वीस वर्षांनी हे चक्र पुन्हा सुरू होतं, म्हणून दोन गोल म्हणजे 1919 किंवा 1939. त्यांतला निवाडा इतर गोष्टींवरून होतो. चित्राच्या बाजूने आवाजाची पट्टी असेल तर ती मूकपटाची मूळ प्रत नाही. तुमच्यासाठी याचा अर्थ सरळ आहे: अशी कुठलीही खूण प्रतीच्या स्वतःच्या काठावर असेल, तर ती प्रत 1911 ला छापलेली असू शकत नाही. चित्रपट तरीही 1911 चा असू शकतो, कारण जुन्या निगेटिव्हवरून नंतर प्रती काढत असत. आणि खूण कुणाची हेही बघायला हवं. मोकळ्या पारदर्शक काठावर काळी खूण असेल तर ती या प्रतीची. काळ्या काठावर पांढरी असेल तर ती निगेटिव्हवरून उतरलेली, म्हणजे निगेटिव्हच्या वर्षाची. या एका फरकाने मी स्वतः सुरुवातीच्या काळात एक प्रत चुकीच्या वर्षात नोंदवली होती आणि ती चूक दोन वर्षांनी दुसऱ्या सहकाऱ्याच्या नजरेला आली.

काठ झाला की चित्र. घोडे कुठल्या बाजूला वळतायत? व्हिक्टोरियात, म्हणजे फ्लेमिंग्टनला, शर्यत घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने धावते. न्यू साउथ वेल्समध्ये, सिडनीच्या रँडविकला, काट्यांच्या दिशेने. अमेरिकेत पुन्हा उलट. त्यामुळे मैदान कुठलं याचा पहिला अंदाज एका वळणावरून बांधता येतो. पण त्याआधी फिल्म सुलटी धरली आहे याची खात्री करा, नाहीतर सिडनीचं मेलबर्न होईल. पाटी, घोड्याच्या पाठीवरच्या कापडावरचा आकडा, स्टँडवरची जाहिरात, कुठलंही अक्षर सरळ वाचता आलं की दिशा पक्की.

जॉकींच्या कपड्यांचे रंग मात्र फसवतात, आणि तिथे पुष्कळ जण फसतात. प्रत्येक मालकाचे रंग ठरलेले, वर्तमानपत्रात छापलेले, म्हणून वाटतं की रंग जुळवले की घोडा सापडला. पण त्या काळची फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक होती, तिला लाल रंग दिसतच नसे. लाल काळा उमटायचा आणि निळा जवळजवळ पांढरा. तुम्हाला फिल्मवर जो काळा सदरा आणि पांढऱ्या बाह्या दिसतील, तो मैदानावर लाल सदरा आणि आकाशी बाह्या असू शकतो. छापील यादीशी जुळवताना हे गणित डोक्यात ठेवूनच जुळवा.

चित्रांच्या मध्ये मूकपटातल्या मजकुराच्या पाट्या आल्या असतील तर तुमचं नशीब. बातमीपटाची पाटी गाव, मैदान, शर्यत सांगते. कथापटाची पाटी माणसांना बोलतं करते, अवतरणचिन्हांत. एखादी पाटी एकदोन चौकटींपुरतीच असेल तर घाबरू नका, ती तुटलेली नाही. वाहतूक आणि जकात वाचावी म्हणून काही वेळा पाट्या अशा नमुन्यापुरत्या ठेवत आणि दाखवणाऱ्याने त्या लांब करून घ्यायच्या असत. पाटीचा फोटो काढा. नावातलं एक पात्र जरी मिळालं तरी काम वर्षाचं आठवड्यावर येतं.

लांबीही एक पुरावा आहे. 35 मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात 16 चौकटी असतात. हजार फुटांचं रीळ मूकपटाच्या सेकंदाला 16 चौकटी या वेगाने सुमारे 17 मिनिटं चालतं. तुमचे दोन डबे भरलेले असले तर साधारण अर्ध्या तासाचा ऐवज असेल. एवढी लांबलचक निव्वळ शर्यत कुणी चित्रित करत नव्हतं, म्हणून दोन्ही रिळं एकाच चित्रपटाची असली तर कथापटाकडे माझा कल जाईल. वेगवेगळ्या गोष्टींचे जोडलेले तुकडे असले तर जाणार नाही. तुमच्या डब्यांबद्दल मी सध्या एवढंच म्हणू शकतो: नाव मोघम आहे, विषय जुळतो, वर्ष ठरायचं आहे.

आता कागद. हे काम तुम्ही घरी बसून करू शकता आणि यात फिल्मला हातही लागत नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं 'ट्रोव्ह' आणि न्यूझीलंडचं 'पेपर्स पास्ट', दोन्हींत त्या काळची वर्तमानपत्रं शोधता येतात, फुकट. चित्रपटाचं नाव टाकून शोधाच, पण तेवढ्यावर थांबू नका. पात्रांची, घोड्याची, कलाकारांची नावं टाका. गावच्या थिएटरची नावं टाका. गावोगावच्या छोट्या पत्रांत परीक्षण कमी आणि गोष्ट सविस्तर असते, कधी प्रसंगवार सांगितलेली असते. आमच्यासाठी ते सोनं. शिवाय 1907 नंतर बरीच वर्षं ऑस्ट्रेलियात कॉपीराइट नोंदवताना संहिता आणि सारांश जमा करावे लागत, ते राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. मी तुमच्या जागी असतो तर एका वहीत प्रसंग लिहून काढले असते, क्रमाने, प्रत्येकापुढे कुठल्या पत्रात वाचला ते. नंतर फिल्म उलगडली जाईल तेव्हा ती वही टेबलावर लागेल.

आपल्याकडचाही अनुभव हेच सांगतो. 'राजा हरिश्चंद्र'ची जी रिळं आज आपल्याकडे आहेत ती 1913 ची की फाळक्यांनी 1917 मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. भारतीय चित्रपटाच्या पहिल्या पानाबद्दल हे होत असेल, तर मेलबर्नच्या शेडमधल्या दोन डब्यांबद्दल घाईने निकाल द्यायचं कारण नाही. 'सापडला' असं जाहीर करून नंतर मागे घ्यावं लागलं की पुढच्या खऱ्या शोधाकडेही लोक पाठ फिरवतात.

तिसरा प्रश्न, पुढे काय. कॅनबेराला नॅशनल फिल्म अँड साउंड अर्काइव्ह आहे. त्यांना आजच लिहा, ओळख पटायची वाट बघू नका. ओळख पटवणं हे त्यांचंच काम आहे आणि त्यांच्याकडे आकसलेली फिल्म न ओढता स्कॅन करणारी यंत्रं, थंड कोठ्या आणि नायट्रेट हाताळणारी माणसं आहेत. डबे टपालाने पाठवू नका, विमानात नेऊ नका. नायट्रेट धोकादायक माल म्हणून मोजला जातो, ते स्वतः व्यवस्था सांगतील. तिथे देताना तुम्ही दान करू शकता किंवा मालकी ठेवून जमा करू शकता, हे लेखी ठरवून घ्या आणि स्कॅनची प्रत मागा. विकायचं मनात असेल तर तो तुमचा हक्क आहे, पण खासगी लिलावात गेलेलं रीळ पुन्हा एखाद्या शेडमध्येच जाऊन पडतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि त्याचं मला दुःख आहे. वस्तूची मालकी आणि चित्रपटाचे हक्क या वेगळ्या गोष्टी आहेत हेही लक्षात असू द्या.

आणि तो 'डबल इव्हेंट' निघाला नाही तर? त्या काळी ऑस्ट्रेलियाच्या पडद्यावर अमेरिकन चित्रपटांची गर्दी होती, तेव्हा तुमच्या डब्यात बातमीपट नसून कथापट असेल, तर तो अमेरिकन असणं मला सगळ्यात संभाव्य वाटतं. त्याचा अर्थ निराशा असा घेऊ नका. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, 1912 ते 1929 या काळात तिथे 10,919 मूक कथापट तयार झाले आणि त्यांतले फक्त 14 टक्के मूळ स्वरूपात पूर्ण टिकले आहेत. म्हणजे तुम्ही शोधत होता तो नसला, तरी दुसऱ्या कुणाचा हरवलेला चित्रपट तुमच्या हातात असू शकतो. 'केली गँग'चे काही तुकडे मेलबर्नच्या कचऱ्यातून निघाले, सर्वांत लांब सलग भाग 2006 मध्ये ब्रिटनमध्ये मिळाला, आणि तासाभराहून मोठ्या त्या चित्रपटाची आज सुमारे 17 मिनिटं जमली आहेत. प्रत्येक तुकडा देणाऱ्याला तो क्षुल्लकच वाटला असणार.

मला फोटो पाठवणार असाल तर असे पाठवा: झाकणाचा बाहेरून आणि आतून एकेक, रिळाचा वरून एक, आणि फिल्मच्या टोकाचा काठासकट, पांढऱ्या उजेडावर, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून. पट्टी नसली तर आकसणं मोजता येत नाही. म्हातारा दिसतो ती चौकट आतल्या भागात असेल तर तिथपर्यंत फिल्म सोडू नका, तो कॅनबेरात भेटेल.